आडनाव चौधरी, पण कूळ कोणतं? खानदेशातल्या घराण्यांची वंशावळ कशी शोधायची, कशी जपायची

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव यावल तालुक्यात. वडील कामासाठी सुरतेला आले, उधन्यात घर झालं आणि आमची पिढी इथेच वाढली. गावची शेती काका बघतात. आमच्या मुलांना गावाचं नाव ठाऊक आहे, त्यापलीकडे काही नाही. म्हणून आता हे काम मनावर घेतलं आहे आणि तुमची मदत हवी आहे.

आम्ही लेवा पाटीदार. कागदोपत्री आडनाव चौधरी. समाजातल्या लोकांना सांगायला नकोच, पण इतरांसाठी लिहितो: आमच्याकडे पाटील, चौधरी, महाजन ही मानाची किंवा कामाची आडनावं गावोगाव आहेत. त्यांच्यामागे कुळाचं आडनाव वेगळंच असतं, म्हणजे भंगाळे, बोंडे, नेहेते, झोपे, फिरके, कोल्हे, ढाके, राणे, भारंबे असं. ज्यांनी कुळाचं आडनाव लावलं त्यांचा माग सोपा. ज्यांनी मानाचं लावलं त्यांची गाठ दोन-तीन पिढ्यांतच सुटते. आमचं तसंच झालं. आजोबा सांगायचे की आपण मूळचे भंगाळे. चुलत घराण्यात मात्र सगळे म्हणतात, आपण बोंडे. खात्रीने सांगेल असं माणूस आता उरलेलं नाही.

हाताशी आहे ते एवढंच: आजोबांच्या नावाचा जुना सातबारा, मोडीतलं एक खत (वरच्या कोपऱ्यात राणीचा छाप आहे, वर्षाचा एक आकडा कसरीने खाल्लाय), आणि पणजोबांपर्यंतची नावं. गावात पूर्वी भाट, म्हणजे घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या राखणारे, यायचे, आमच्या आळीत उतरायचे, हे काकांना आठवतं.

मला दोन गोष्टी शोधायच्या आहेत. कूळ नक्की कोणतं, आणि आमचे पूर्वज गुजरातेतून खानदेशात कधी आले. घरात सगळे 'पावागडहून आलो' एवढंच सांगतात. आणि जे सापडेल ते पुढच्या पिढीसाठी कसं ठेवावं, हेही कळलं तर बरं.

सातपुडा

भाऊ, आधी भाट गाठा. आमना गावले अजून भाट येस. लेवा, गुजर, राजपूत, सगळ्यांचे भाट वेगळे, आणि एका समाजातही गावं वाटून घेतलेली असतात. वडिलांच्या पश्चात भावाभावांत यजमानांची गावं वाटली जातात आणि वहीही तशीच वाटली जाते. त्यामुळे आमोद्याला येणारा भाट तुमच्याच गावचा असेल असं नाही. शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की तुमच्या आळीची वही कोणाकडे गेली.

एक विनंती. वही ही त्यांची रोजीरोटी आहे. गेल्या गेल्या मोबाइल काढून फोटो मारू नका. मानाने बसवा, दक्षिणा द्या, वाचून दाखवायला सांगा, आणि आवाज रेकॉर्ड करू का असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. घरातली नवी नावंही त्याच बैठकीत वहीत चढवून घ्या, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्याला ती मिळतील.

दप्तरदार

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. बरीच वर्षं तलाठी होतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक ह्या कामाला उलट्या टोकाने सुरुवात करतात. आडनाव हातात घेऊन शोधत निघालात तर जुन्या कागदांत काहीच हाती लागणार नाही. जुन्या महसुली कागदांत आडनाव क्वचितच असतं. असतं ते खातेदाराचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि काही नोंदींत जात. म्हणून शोधायची ती नावांची साखळी. बापाचं नाव, त्याच्या बापाचं, त्याच्या बापाचं. ही साखळी कागदावरून पक्की करा आणि मग भाटाच्या वहीतल्या साखळीशी लावा. तीन-चार नावं ओळीने जुळली, गाव जुळलं, की त्या पानावर जे कूळ लिहिलंय ते तुमचं. एकच नाव जुळलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत सगळीकडे होती.

आजच्या सातबारावरून मागे जा. त्यावर गोल केलेले फेरफार क्रमांक असतात, ते सगळे उतरवून घ्या. प्रत्येक फेरफार म्हणजे घरात घडलेली एक गोष्ट: कोणी वारलं, वाटणी झाली, गहाण पडलं, सुटलं. वारसाचा फेरफार सगळ्यात मोलाचा, कारण त्यात मयताची तारीख आणि सगळ्या वारसांची नावं नात्यासकट असतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि १९१३ साली सुधारून आला. म्हणजे फेरफारांची वाट साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नेते. काही गावांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' ह्या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो.

त्याआधीचं हवं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात टिपण, आकारबंद, शेतवार ह्या मोजणीच्या कागदांकडे वळा. खानदेशात इंग्रजांची मोजणी १८५२ साली सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, यावल भागातल्या रयतेने तिला मोठा विरोध केला होता. पुढे मोजणी पूर्ण झाली आणि शेतागणिक खातेदाराचं नाव लागलं. तुमच्या घराण्याची जमीन तेव्हापासून असेल तर ते नाव मिळेल.

तिसरी वाट म्हणजे गाव नमुना १४, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात. कोतवालाने गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. बाळाच्या बापाचं नाव, जात, तारीख. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही पुस्तकं आणि जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं बासनातून बाहेर निघाली. बऱ्याच जिल्ह्यांनी त्यातली पानं स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकली. आपला शोध जातीच्या दाखल्यासाठी नसला तरी ती पानं वंशावळीला तितकीच उपयोगी आहेत.

हद्दींचंही भान ठेवा, नाहीतर भलत्याच कचेरीत हेलपाटे होतात. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचं पुढे जळगाव, पश्चिमचं धुळे, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. त्याआधी, १८६९ साली, मालेगाव, नांदगाव, बागलाण नाशिककडे गेले. १९६० साली अक्कलकुवा, तळोदा, नंदुरबार, नवापूर ह्या भागांतली काही गावं गुजरातेत गेली. गावांची नावंही बदलली. एदलाबाद म्हणून शोधायचं ते आज मुक्ताईनगर आहे.

वाघूर

'पावागडहून आलो' ह्याबद्दल लिहितो. महमूद बेगड्याने चांपानेर-पावागड १४८४ साली घेतला आणि त्यानंतर आपले लोक तापीकाठी उतरले, ही समाजाची परंपरा आहे. तिचा मान ठेवूनच सांगतो की समाजाची परंपरा आणि एका घराण्याची तारीख ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुजरातेतून खानदेशात येणं एका दिवसात, एका लोंढ्याने झालेलं नाही. सुरत ते बऱ्हाणपूर हा त्या काळचा मोठा व्यापारी रस्ता आपल्या नंदुरबार-थाळनेर पट्ट्यातून जात होता. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळापासून शेतकरी, वाणी, विणकर ह्याच वाटेने येत राहिले. अकबराने १६०१ साली अशीरगड घेतल्यावर खानदेश मोगलांचा सुभा झाला आणि ये-जा आणखी वाढली.

मग उलटंही झालं. १६३०-३२ च्या दुष्काळाने गुजरात आणि खानदेश दोन्ही ओस पाडले. १८०३-०४ च्या दुष्काळात आणि होळकर-पेंढाऱ्यांच्या धामधुमीत तर खानदेशातली गावंच्या गावं उठली. १८१८ साली इंग्रजांच्या हाती खानदेश आला तेव्हा चांगली काळी जमीन झाडोऱ्याखाली गेलेली होती आणि ती पुन्हा वहितीला आणायला कसणारी माणसं हवी होती. त्या काळात पांगलेली कुळं परत आली, नवी बाहेरून आली, आणि पुष्कळ कुटुंबं खानदेशातल्या खानदेशातच एका गावाहून दुसऱ्या गावी बसली. १८८० चं खानदेश गॅझेटियर मिळतं, ते जरूर वाचा.

म्हणून मला वाटतं तुमचा खरा प्रश्न 'गुजरातेतून कधी' हा नाही. आधी 'ह्या गावात कधी, आणि त्याआधी कोणत्या गावात' हे शोधा. भाटाच्या वहीत सुरुवातीला सूर्यवंश, मोठे राजे वगैरे येतं. ते वाचायला छान वाटतं, पण त्यावर घर बांधू नका. जिथून गावाचं नाव, भावांची नावं, सुनांची माहेरं लिहायला सुरुवात होते तिथून वही विश्वासाची.

तांडा

आम्ही गोर बंजारा, चाळीसगाव भाग. आमच्यासारख्यांना दप्तरदार काकांची वाट फार मागे जात नाही, कारण आमचे लोक बैलांवर माल लादून फिरत होते, जमीन नावावर लागली ती फार उशिरा. आमची वंशावळ भाट आणि ढाडींच्या तोंडी. ते गोत्र आणि पाडा गाऊन सांगतात. कागद शोधायचा तर तांड्याच्या नाइकाच्या नावाने शोधावा लागतो, आणि जातीच्या रकान्यात बंजारा, लमाण, लमाणी असं काहीही लिहिलेलं असतं. आमच्याकडे गाणारी माणसं झपाट्याने कमी होत आहेत. ज्यांच्याकडे अजून येतात त्यांनी ह्याच वर्षी रेकॉर्ड करून ठेवा, पुढच्या वर्षावर टाकू नका.

मोडीप्रेमी

तापीकाठचा, खताचा फोटो पाठवलात त्याबद्दल आभार. वाचलं. गहाणखत आहे. मौजे तुमचं गाव, परगणे सावदे. कर्ज घेणाऱ्याचं नाव, पुढे 'बिन' आणि बापाचं नाव. आडनाव नाही, जात 'लेवे' लिहिली आहे. साक्षीदारांत एक चौधरी आहे, पण तो तुमच्या घरातला असेलच असं नाही.

वर्षाचं सांगतो. 'शके १७' एवढं दिसतं, पुढचा आकडा कसरीने खाल्ला आहे, शेवटचा ९ आहे. पण संवत्सराचं नाव शाबूत आहे, 'प्रभवनाम संवत्सरे'. प्रभव संवत्सर दर साठ वर्षांनी येतं. शके १७२९ आणि शके १७८९, दोन्ही प्रभव. म्हणजे इसवी सन १८०७ किंवा १८६७. कोपऱ्यात राणीचा छाप आहे आणि १८०७ साली व्हिक्टोरिया राणी नव्हती. म्हणून शके १७८९, सन १८६७. जुनी खतं वाचताना हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: आकडा पुसला तरी संवत्सर, तिथी आणि वार मिळून वर्ष पक्कं करता येतं.

काही कागदांत वेगळे सन येतील. फसली असेल तर त्यात ५९० किंवा ५९१ मिळवा, सुहूर असेल तर ५९९ किंवा ६००. भाटाच्या वहीत विक्रम संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करा. छप्पनिया दुष्काळ म्हणतात तो संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९००.

बाईचं नाव शोधताना 'कोम' आणि 'मर्द' हे शब्द बघा, त्यांच्या पुढे नवऱ्याचं नाव असतं. नवरा वारल्यावर जमीन बायकोच्या नावे लागली की ती अशी सापडते. मोडी शिकायची असेल तर जरूर शिका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदांचा मोठा साठा आहे. राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दप्तरं जमवली आणि १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला. आपल्या मातीत हे काम झालेलं आहे, ते आपण पुढे न्यायला हवं.

आखाजी

मी अमळनेरची. सगळ्यांनी फार चांगली माहिती दिली आहे. पण इतका वेळ चर्चा फक्त बापाकडून बापाकडे चालली आहे म्हणून लिहावंसं वाटलं.

तापीकाठचा दादा, भंगाळे की बोंडे हा प्रश्न तुम्हाला कागदाआधी बायका सोडवून देतील. एका कुळात सोयरीक होत नाही. तुमच्या आजी, पणजी, खापरपणजी कोणत्या कुळातून आल्या ते विचारा. घरातल्या मुली कोणत्या कुळांत दिल्या तेही विचारा. पणजी जर भंगाळ्यांची लेक असेल तर तुम्ही भंगाळे असूच शकत नाही. बोंड्यांची असेल तर बोंडे नाही. वंशावळीत सुनांची माहेरं लिहायची ती भावनेपोटी नव्हे, त्याशिवाय वंशावळ तपासताच येत नाही.

आणि हे विचारायचं कोणाला? तुमच्या आत्यांना, आजोबांच्या बहिणींच्या लेकींना. त्या परगावी दिलेल्या असतात म्हणून कोणी त्यांना विचारत नाही, पण माहेरच्या चार पिढ्या त्यांनाच पाठ असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्याच दिवशी घागर भरून पितरांच्या नावाने घास टाकतात, तेव्हा घरातला मोठा माणूस नावं घेतो. ती नावं ऐका, लिहून घ्या, लगेच आत्याला विचारा की ह्यांची बायको कुठली.

दुसरी जागा कानबाई, आपल्या खानदेशातली देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजून घेतात आणि रोट फक्त भाऊबंदांतच खातात. बाहेरच्याला देत नाहीत. म्हणून तुमच्या चुलत घराण्याबरोबर तुमचा रोट एक आहे का, एकत्र होत होता का, कधी वेगळा झाला, हे विचारा. रोट एक असेल तर कूळ एक. ज्या घराण्यांत कानबाई बसत नाही त्यांनी कुलदेवीचा माग घ्यावा. मनुदेवी, पाटणादेवी, म्हसदीची धनदाई, पाटणची आशापुरी, सेंधव्याच्या घाटातली बिजासनी. कुठल्या देवीला जावळ काढायला जातात त्यावरून जुन्या गावाची दिशा कळते.

दप्तरदार काकांना एक विचारते. लेकींची नावं कागदावर कुठे मिळतील?

दप्तरदार

ताई, फार महत्त्वाचं विचारलंत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलीही वारस झाल्या, म्हणून त्यानंतरच्या वारस फेरफारांत लेकींची नावं येतात, बहुतेक वेळा सासरच्या नावासह. पुढे भाऊ त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घेतात. त्या हक्कसोड लेखात तिचं लग्नानंतरचं पूर्ण नाव, वय, राहायचं गाव सगळं असतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्याची नक्कल मिळते. ज्या कागदाने तिचा जमिनीतला हिस्सा गेला त्याच कागदावर तिचा पुरा पत्ता आहे. माझ्या नोकरीत अशी किती तरी खतं हाताखालून गेली आणि प्रत्येक वेळी मन खट्टू झालं. निदान वंशावळीत तरी ती नावं परत लिहा.

पोथीघर

जपण्याबद्दल थोडं. ग्रंथालयात जुन्या कागदांचं काम करतो.

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. हे दोन्ही कागद कायमचे खराब करतात. घडी घातलेलं खत बळेच सपाट करू नका. स्वच्छ सुती कापडात बासन बांधा, ओल नसलेल्या जागी ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारं द्या. स्कॅन किमान ३०० डीपीआयवर, रंगीत, पाठकोऱ्या बाजूसकट. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनने नको. फाइलच्या नावात गाव, वर्ष आणि कागदाचा प्रकार घाला. एक प्रत गावी, एक सुरतेला, एक ऑनलाइन साठ्यात.

वंशवृक्ष संगणकावर करत असाल तर जेडकॉम फाइल काढता येईल असाच प्रोग्राम घ्या, म्हणजे उद्या तो बंद पडला तरी माहिती दुसरीकडे नेता येते. प्रत्येक नावापुढे ते कुठून कळलं ते लिहा: फेरफार, वही की आत्या. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव मात्र उघड्यावर टाकू नका, बँकांत ओळख पटवायला हेच विचारतात.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीचं कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. तिथेही गाव आणि समाज ह्यांवरून उपाध्ये ठरलेले असतात. कोणी अस्थी घेऊन गेलं असेल, सिंहस्थाला गेलं असेल, तर त्याची नोंद आणि बऱ्याचदा सहीसुद्धा मिळते.

तापीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आखाजी ताईंचं वाचून मी लगेच नशिराबादला दिलेल्या आत्याला फोन केला. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं की पणजी बोंड्यांची लेक होती, भालोदची. म्हणजे आम्ही बोंडे नाही. गहाणखतातलं नाव पणजोबांच्या आजोबांचं आहे असंही ती म्हणते, त्यामुळे १८६७ पर्यंतची साखळी जुळल्यासारखी दिसते. कानबाईचा रोट चुलत घराण्याबरोबर एकच होता, घरं वेगळी झाल्यावर थांबला.

आता एकच कोडं. रोट एक म्हणजे कूळ एक. मग चुलत घराणं स्वतःला बोंडे का म्हणतं?

दप्तरदार

तुमच्या पणजोबांचे मुलगे आजोळी वाढले का ते आत्याला विचारा. बाप लवकर गेला की मुलं मामाकडे जात आणि गावातले लोक त्यांना मामाच्या नावाने ओळखू लागत. चुलत घराण्याचे आजोबा तसे भालोदला राहिले असतील तर बोंडे हे नाव तिथून चिकटलेलं असू शकतं. हे तपासता येतं. भालोदला त्यांच्या नावे जमीन होती का बघा. असेल तर ती मामाकडून बक्षीसपत्राने आली की विकत घेतली, हे फेरफारात लिहिलेलं असेल. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही भालोदचंच पाहा, त्यात पालक म्हणून मामाचं नाव सापडलं तर प्रश्न मिटला.

अर्ज करताना गट नंबर देऊन थांबू नका. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याप्रमाणे गट पडले तेव्हा जुने सर्व्हे नंबर बदलले, आणि जुने फेरफार सर्व्हे नंबरवरच आहेत. म्हणून आधी जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर दाखवणारा तक्ता मागा आणि दोन्ही नंबर अर्जात लिहा. गावाचं नाव जुन्या तालुक्यासह लिहा. नक्कल मिळाली की तिचा फोटो इथे टाका, हयात माणसांची नावं झाकून. वाचायला मी आहे, मोडीप्रेमी आहेत.